मुंबई ते लंडन : मधल्या मुक्कामांचा इतिहास

4 ऑक्टोबर 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले आणि 18 ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. पहिल्या गोलमेज परिषदेसाठीचा हा प्रवास. दुसऱ्या परिषदेसाठी ते 15 ऑगस्ट 1931 ला ‘मुलतान’ बोटीवर चढले आणि 29 ऑगस्टला लंडनला पोहोचले. त्याच 29 ऑगस्टला गांधीजींना घेऊन ‘राजपुताना’ मुंबई बंदर सोडत होती. गांधीजी 11 सप्टेंबरला मार्सेय बंदरात उतरले, रेल्वेने फ्रान्स ओलांडला आणि 12 सप्टेंबरला लंडनला पोहोचले. तिन्ही प्रवास दोन आठवड्यांचे. मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये त्या काळी चौदा दिवस होते, आणि तेवढे दिवस लागतात हे गृहीत धरूनच राजकारण, व्यापार आणि घरचा पत्रव्यवहार चाले.

नकाशावर दोरी ताणली तर या दोन शहरांमधलं अंतर सुमारे 7,200 किलोमीटर भरतं. बोट या दोरीवरून कधीच गेली नाही, आणि विमानालाही ती नेमकी धरून फारसं जाता आलेलं नाही. कोळसा कुठे भरायचा, पेट्रोल कुठे मिळणार, रात्री कुठे उतरायचं आणि खालचा मुलूख ज्याच्या ताब्यात आहे तो वरून जाऊ देणार की नाही, या चार गोष्टींनी वाट ठरवली. इंजिनं वेगवान होत गेली हे खरं. पण या प्रवासाचा वेळ मोठ्या टप्प्यांनी कमी झाला तो एकेक मुक्काम गळत गेला तेव्हा, आणि वाढला तो एखादी वाट बंद झाली तेव्हा.

साष्टी बेटाला युरोपचा हा लांबचा रस्ता इंग्रजांच्या आधीपासून माहीत होता. मुंबईच्या कांदिवली उपनगरात पोयसरला जे चर्च आहे, त्याची स्थापना सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी केली. ते आले पोर्तुगालहून, म्हणजे लिस्बनहून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गोव्याला आणि तिथून किनाऱ्याने वर. लिस्बन ते गोवा हा शिडाच्या गलबताचा प्रवास साधारण सहा महिन्यांचा. वारे चुकले तर मोझांबिकला मोसम बदलेपर्यंत थांबायचं. त्या सहा महिन्यांत किती माणसं जहाजावरच दगावत, याचा विचार केला की पोयसरसारख्या खेड्यापर्यंत पोहोचणं हीच केवढी मोठी गोष्ट होती हे कळतं.

पुढची जवळपास तीन शतकं यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला 20 मार्च 1830 ला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही 411 टनांची आगबोट त्या दिवशी कॅप्टन जॉन विल्सनच्या हाताखाली सुएझकडे निघाली. बोटीत जागा होती साडेपाच दिवसांच्या कोळशाची, आणि एडनपर्यंत लागणार होते त्याच्या दुप्पट दिवस. मग मोकळी सापडेल त्या जागी कोळसा रचला. अकरा दिवसांनी बोट एडनला लागली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. सुएझ गाठायला एकूण तेहेतीस दिवस लागले. त्यातले बारा दिवस निव्वळ बंदरांमध्ये कोळसा भरण्यात गेले. तिथून टपाल जमिनीवरून भूमध्य समुद्राकडे गेलं आणि पुन्हा जहाजावर चढलं. मुंबईची पत्रं इंग्लंडला 59 दिवसांत पोहोचली. आफ्रिकेच्या टोकावरच्या केपच्या वाटेने याला चार-पाच महिने लागायचे.

17 नोव्हेंबर 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. या कालव्याने मुंबईचं नशीबच पालटलं असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. युरोपकडून येणाऱ्याला हिंदुस्थानचं पहिलं मोठं बंदर आता मुंबई होतं. डॉक्टर व्हायला निघालेल्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघून इंग्लंडमार्गे 4 जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या, म्हणजे जवळजवळ दोन महिने. डॉक्टर होऊन परतताना त्यांनी 9 ऑक्टोबर 1886 ला न्यूयॉर्क सोडलं आणि 16 नोव्हेंबरला त्या मुंबई बंदरात उतरल्या. क्षयाने पोखरलेल्या त्या एकवीस वर्षांच्या मुलीला बोटीवरचे ते अडतीस दिवस किती जड गेले असतील! पुढे अवघ्या साडेतीन महिन्यांत, 26 फेब्रुवारी 1887 ला, पुण्यात त्यांचं निधन झालं.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दूरच्या प्रवासाचं केंद्र हळूहळू बॅलार्ड पिअरच्या धक्क्याकडून उपनगराकडे सरकायला लागलं. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नसेल. बीबीसीआय रेल्वेच्या कांदिवली स्थानकाला जेमतेम दोन दशकं झाली होती. इथल्या टेकडीचा दगड-मुरूम बॅकबेच्या भरावासाठी मालगाड्यांतून शहराकडे जात होता. त्याच खोदकामाच्या परिसरात के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगीन हत्यारं सापडली. जानेवारी 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि शहरात जाणं कांदिवलीकराच्या रोजच्या आवाक्यात आलं. त्याच वर्षी, कांदिवलीच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर, जुहूच्या खाजण जमिनीवर विमानं उतरू लागली.

जुहूच्या त्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 ला देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. पुढच्या वर्षी आगाखानांनी बक्षीस लावलं : इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला 500 पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघं समोरासमोर आले. अस्पीच्या इंजिनाचा स्पार्क प्लग निकामी झाला होता आणि जवळ दुसरा नव्हता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला. अस्पी पुढे गेला, शर्यत जिंकला आणि कालांतराने भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही हकीकत जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्या काळच्या आकाशाबद्दलही ती बरंच सांगते. लंडन ते कराचीची वाट एका स्पार्क प्लगवर अडून राहू शकत होती.

व्यापारी विमानसेवेची कथाही अशीच अडखळती. 30 मार्च 1929 ला इम्पीरिअल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडनहून कराचीची सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास, भाडं 130 पौंड. प्रवासी क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडच्या बाझेलला जात. तिथे विमानातून उतरून रेल्वेत बसत आणि आल्प्स ओलांडून इटलीच्या जिनोआला पोहोचत. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया. मग कैरोहून तीन इंजिनांच्या हर्क्युलिस विमानाने गाझा, रुत्बा, बगदाद, बसरा, इराणचा किनारा आणि अखेर कराची. रात्री उड्डाण नाही. अंधार पडला की उतरायचं, जेवायचं, झोपायचं. रुत्बा म्हणजे इराकच्या वाळवंटातली एक गढी. त्या वाळवंटात वाट चुकू नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाने 1921 पासून जमिनीवर नांगराने लांबच लांब चर ओढून ठेवली होती. वैमानिक खिडकीतून खाली बघत त्या चरीच्या आधाराने बगदाद गाठायचे.

इराणने किनाऱ्यावरून जाऊ देणं बंद केलं तेव्हा ऑक्टोबर 1932 मध्ये सगळी वाट आखाताच्या दुसऱ्या बाजूला हलवावी लागली. शारजाच्या शेखाशी करार झाला, तिथे प्रवाशांसाठी गढीसारखं विश्रामगृह बांधलं गेलं, आणि रेताड किनाऱ्यावरचं ते गाव लंडन-कराची रस्त्यावरचा मुक्काम झालं.

त्याच ऑक्टोबरात मुंबई या रस्त्याला जोडली गेली. इम्पीरिअलचं विमान कराचीहून पुढे मुंबईकडे येत नव्हतं. विलायतेची पत्रं कराचीला उतरून रेल्वेने दक्षिणेकडे निघत. नेव्हिल व्हिंटसेंट या वैमानिकाने टाटांना सुचवलं की कराचीपासून पुढचं टपाल आपण विमानाने नेऊ. 15 ऑक्टोबर 1932 च्या सकाळी जेआरडींनी पस मॉथ जातीचं एक इंजिनाचं छोटं विमान कराचीच्या ड्रिघ रोडवरून उचललं. आत सुमारे 25 किलो टपाल, रेडिओ नाही. अहमदाबादला इंधन भरलं. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून व्हिंटसेंटने टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं.

टाटांचं विमानतळ म्हणजे जुहूला माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती. पावसाळ्यात मैदानात पाणी भरायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवला जाई. पहिल्या वर्षात या सेवेने 1,60,000 मैल उड्डाण केलं, जवळपास 10 टन टपाल आणि 155 प्रवासी नेले आणि 60,000 रुपये नफा मिळवला. ‘प्रवासी’ म्हणजे टपालाच्या थैल्यांच्या शेजारी बसायची तयारी असलेली माणसं. त्यांच्या धाडसाची नोंद कुणी फारशी घेतली नाही, ती घ्यायला हवी.

आठवड्यावर आलेला हा प्रवास युद्धाने पुन्हा मागे रेटला. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्र ब्रिटिश वाहतुकीला जवळजवळ बंद झाला. लंडनचं विमान कैरोकडे येईना. बोटी पुन्हा आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागल्या. सुएझ कालव्याने एकोणसत्तर साली वाचवलेलं अंतर एका झटक्यात परत आलं. मुंबईच्या घराला विलायतेतल्या मुलाचं पत्र कित्येक महिन्यांनी मिळू लागलं. याच युद्धकाळात जुहूच्या पूर्वेला, सांताक्रूझला, ब्रिटिश हवाई दलाचा मोठा तळ झाला. तिथल्या धावपट्ट्या जुहूपेक्षा लांब होत्या आणि पावसात बुडत नव्हत्या. 1946 साली तो तळ मुलकी वापरासाठी मिळाला, तेव्हा दोन जुने हँगर दुरुस्त करून एकात देशातले आणि दुसऱ्यात परदेशी प्रवासी घेण्याची सोय झाली.

मग फाळणी आली. तोपर्यंत हिंदुस्थानचं हवाई महाद्वार होती ती कराची, आणि ती आता दुसऱ्या देशात गेली. युरोपहून येणारी विमानं मुंबईकडे वळू लागली. सांताक्रूझला सुरुवातीला दिवसाला सहा मुलकी विमानसेवा होत्या. 1949 पर्यंत त्या चाळीसवर गेल्या. मुंबईचं विमानतळ मोठं झालं याचं श्रेय शहराच्या श्रीमंतीला दिलं जातं. त्यात कराची गमावल्याचा वाटा किती होता हे बहुतेक वेळा विसरलं जातं.

8 जून 1948 ला सांताक्रूझहून ‘मलबार प्रिन्सेस’ निघाली. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं चार इंजिनांचं विमान, चाळीस आसनं, हवेचा दाब राखलेली केबिन. वैमानिक कॅप्टन के. आर. गझदर. आत पस्तीस प्रवासी आणि त्यांच्यात स्वतः जेआरडी. एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी तीनच महिन्यांपूर्वी, 8 मार्चला, स्थापन झाली होती. तिच्यात सरकारचा 49 टक्के वाटा होता. मार्ग होता मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन : जवळपास 5,000 मैल, म्हणजे सरळ रेषेपेक्षा आठशेएक किलोमीटर जास्त. आठवड्यातून एकदा, दर मंगळवारी. जाहिरातीत वेळ दिली होती 24 तास आणि भाडं 1,720 रुपये. स्वतंत्र देशाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्याचा झेंडा लावलेलं विमान कैरो, जिनिव्हा आणि लंडनच्या धावपट्ट्यांवर उभं राहिलं. जेआरडींना त्या दृश्याने भरून आलं होतं. ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे.

बाबासाहेबांच्या चौदा दिवसांपासून या चोवीस तासांपर्यंत यायला अठराच वर्षं लागली. गती वाढली होतीच. कॉन्स्टेलेशन ताशी पाचेकशे किलोमीटरने जाई. पण खरी मजल रात्रीच्या उड्डाणाची होती. रुत्बाची गढी, शारजाचं विश्रामगृह, बाझेलची रेल्वे, सगळं गळून दोनच थांबे उरले.

उरलेल्या थांब्यांची किंमत मात्र जबर होती. जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सच्या अगदी कुशीत उंची कमी करायची. 3 नोव्हेंबर 1950 ला हीच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. विमानातले सर्व 48 जण गेले. प्रवासी होते खलाशी, इंग्लंडच्या बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर कामाला चाललेले. बोटीवर रुजू होण्यासाठी आता खलाशीही विमानाने जाऊ लागले होते, हा एका युगाचा बदल. त्यांची शोधाशोध करायला निघालेल्या पथकातला रेने पायो हा फ्रेंच वाटाड्याही बर्फात मरण पावला.

पंधरा वर्षांनी, 24 जानेवारी 1966 ला, एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हामार्गे लंडनला चाललं होतं. तेही जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत माँ ब्लाँवर आदळलं. 117 माणसं गेली. त्यांच्यात व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा होते. देशाच्या अणुकार्यक्रमाची ती हानी आजही मोजता आलेली नाही. हिमनदी गेली साठ वर्षं त्या विमानातल्या वस्तू थोड्या थोड्या करून परत देते आहे : 2012 मध्ये परराष्ट्र खात्याची टपालाची थैली मिळाली, 2020 मध्ये जानेवारी 1966 ची भारतीय वर्तमानपत्रं.

घरच्या डोंगरांनीही घात केला. 7 जुलै 1962 ला पावसाळी रात्री सांताक्रूझला उतरण्यासाठी खाली येणारं अलितालियाचं डीसी-8 जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि 94 माणसं मृत्युमुखी पडली. सिडनीहून युरोपला निघालेल्या त्या प्रवाशांसाठी मुंबई हा मधला थांबा होता.

उपनगरातल्या दोन विमानतळांच्या शेजारामुळे चुकाही झाल्या. जुहू आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये जेमतेम काही किलोमीटर, आणि दोन्ही धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ एकच. 15 जुलै 1953 ला ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान, सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. तिथून ते उडवायला नऊ दिवस लागले. एकोणीस वर्षांनी, 24 सप्टेंबर 1972 ला, लंडनहून टोकियोला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही, विमान मात्र कायमचं निकामी झालं. या विमानाचे थांबे वाचण्यासारखे आहेत : फ्रँकफर्ट, रोम, बैरुत, तेहरान, मुंबई, बँकॉक, हाँगकाँग. जेट आलं तरी लांबचा प्रवास असा थांबत थांबतच चाले.

एअर इंडियाचं पहिलं बोइंग 707 फेब्रुवारी 1960 मध्ये आलं. एप्रिलमध्ये ते लंडनला जाऊ लागलं आणि 14 मे 1960 ला लंडनमार्गे न्यूयॉर्कला. जून 1962 पर्यंत कंपनीकडचं प्रत्येक विमान जेट होतं; जगात हे आधी कुणाला जमलं नव्हतं. 1971 मध्ये ‘सम्राट अशोक’ हे पहिलं जम्बो, बोइंग 747, आलं. जम्बोच्या टाकीत मुंबई ते लंडन एका दमात कापण्याइतकं इंधन मावत होतं. त्यामुळे थांब्यांचा अर्थ बदलला. पूर्वी विमान पेट्रोलसाठी थांबे, आता वाटेतल्या शहरातले प्रवासी मिळावेत म्हणून. एरवी लंडन आठ-दहा तासांवर आलं. जाताना समोरून पश्चिमेचा वारा लागतो म्हणून जास्त वेळ, येताना तोच वारा पाठीशी असल्यामुळे तासभर कमी. शिडाच्या जहाजांना वाऱ्याचा जो हिशेब करावा लागे, त्याचा काही अंश जेटच्या वेळापत्रकात अजून शिल्लक आहे.

कांदिवली 1957 मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. पुढच्या तीन दशकांत कारखाने आले, चारकोपला म्हाडाची वसाहत झाली, पूर्वेला ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला उभं राहिलं. गिरगाव-दादरच्या चाळींतून इथे आलेल्या मराठी कुटुंबांतली मुलं इंजिनिअर, डॉक्टर झाली. 1965 साली अमेरिकेने कायदा बदलून आशियातल्या लोकांना दार उघडलं होतं. त्या दाराने आणि पुढे नव्वदीत संगणकाच्या कामाने ही मुलं बाहेर पडली. ऐंशीच्या दशकात परदेशी उड्डाणं सांताक्रूझ विमानतळाच्याच सहारकडच्या नव्या इमारतीतून होऊ लागली. तेव्हाचं निरोप देणं आठवणारी माणसं कांदिवलीत घरोघर आहेत : एका माणसाच्या प्रवासासाठी दोन गाड्या भरून नातेवाईक, मध्यरात्रीचा हायवे, लाडू-चकल्यांच्या डब्यांनी वजनाची मर्यादा गाठलेल्या बॅगा. 1981 मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, ते याच प्रवाशांचं.

1 ऑगस्ट 2007 ला एअर इंडियाचं विमान मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता गेलं. सुमारे 12,500 किलोमीटर, पंधरा-सोळा तास. आनंदीबाईंना परतताना अडतीस दिवस लागलेलं अंतर ते हेच. मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या, इंग्रजी बोलण्याचा सराव नसलेल्या आईला लंडन किंवा फ्रँकफर्टला विमान बदलावं लागत नाही, हे या उड्डाणाचं मोठेपण. व्हीलचेअर मागून एकट्याने प्रवास करणाऱ्या आजी-आजोबांचा विचार केला तर ‘नॉनस्टॉप’ ही चैन मुळीच ठरत नाही.

जमिनीवरचा टप्पाही आता कुठे सुधारतो आहे. कांदिवलीहून सहार हे अंतर पंधराएक किलोमीटरचं. पण वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गर्दीच्या वेळी त्याला तास-दीड तास सहज लागतो. 2 एप्रिल 2022 च्या गुढीपाडव्याला डहाणूकरवाडीहून आरेपर्यंत मेट्रो धावली, पुढच्या जानेवारीत ती अंधेरीच्या गुंदवलीपर्यंत आली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रोचं स्थानक थेट टर्मिनल 2 पाशी सुरू झालं. आकुर्लीहून गुंदवली, तिथून पहिल्या मेट्रोने मरोळ नाका, मग भुयारी गाडी. मोठी बॅग घेऊन दोनदा गाडी बदलायची असली, तरी वेळेची खात्री देणारी वाट पहिल्यांदाच मिळाली आहे.

पुढच्या रस्त्याची खात्री मात्र अजून कुणाला देता येत नाही. जून 1967 ते जून 1975 अशी आठ वर्षं सुएझ कालवा युद्धामुळे बंद होता आणि मुंबईच्या मालबोटी केपला वळसा घालत होत्या. 27 फेब्रुवारी ते 16 जुलै 2019 पाकिस्तानने हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाला इंधनासाठी दोहाला उतरावं लागलं. एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना ती हद्द पुन्हा बंद झाली आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेली काही विमानं व्हिएन्नाला थांबू लागली. मुंबईला अशा वेळी भूगोल साथ देतो. इथून उडालेलं विमान सरळ अरबी समुद्रावर जातं. मुंबईची दुखरी जागा पुढे, इराण-इराकच्या आकाशात आहे. 1932 मध्ये होती तिथेच.

12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. आतल्या 242 पैकी 241 जण गेले, आणि चालक दलातले बरेच जण मुंबई-ठाणे परिसरातले होते. त्या बातमीने उपनगरातल्या घरांची झोप उडालेली असताना, दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईहून लंडनचं विमान नेहमीसारखं निघालं. त्याच सुमारास इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश बंद झालं. जवळजवळ तीन तास हवेत राहून ते विमान मुंबईला परत आलं. न्यूयॉर्कला निघालेलं विमानही परतलं, आणि लंडनहून मुंबईकडे येणारं व्हिएन्नाला उतरवलं गेलं. पुढच्या दिवसांत युरोपकडे जाणारी विमानं इराण-इराक टाळून सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून जाऊ लागली, म्हणजे कैरोच्या बाजूने, ज्या वाटेने ‘मलबार प्रिन्सेस’ गेली होती.